पुरवणी निबंध: उत्तर विचारलेल्या प्रश्नाचंच हवं

प्रश्न: मुलीने अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांसाठी जूनमध्ये मुख्य अर्ज भरला. जुलैत प्रत्येक कॉलेजचे वेगळे निबंध येऊन पडलेत. एकच मजकूर सगळीकडे वापरला तर चालेल का? – एक आई, न्यू जर्सी

उत्तर: काही भाग जरूर वापरावा. अडचणीला कसं तोंड दिलंत, कोणत्या पार्श्वभूमीतून आलात, हे प्रश्न बहुतेक ठिकाणी फिरून येतात. मात्र ‘आमचंच कॉलेज का?’ याचं उत्तर दर वेळी नव्याने लिहावं लागतं. ‘उत्तम संशोधन, नामवंत प्राध्यापक’ हे कुठल्याही कॉलेजला लागू पडतं, म्हणून ते वाया जातं. त्याऐवजी, उदाहरणार्थ, तिथलं विद्यार्थ्यांनी चालवलेलं मोफत क्लिनिक आणि मुलीने स्वतः केलेलं काम यांचा धागा जुळवून दाखवावा.

मुख्य अर्जातला 5,300 अक्षरांचा निबंध प्रवेश समितीसमोर असतोच. तो पुन्हा सांगू नये. ‘लहानपणापासून सेवेची आवड’ यापेक्षा, दवाखान्यात मराठी आजींना गोळ्या कधी घ्यायच्या हे समजावताना नेमकं काय अडलं आणि ती काय शिकली, ते लिहू दे. पाठवण्यापूर्वी कॉलेजचं नाव तपासा. दुसऱ्याचं नाव राहून गेलं की सगळी मेहनत फुकट जाते.

आणि ताई, वाचून सूचना द्या, पण वाक्यं तिचीच राहू द्या. मुलाखतीत तिलाच बोलायचंय.

अनेक कॉलेजं अर्ज येतील तसे तपासतात. म्हणून प्रश्न आल्यापासून दोन आठवड्यांत निबंध पाठवा. आवडत्या कॉलेजचा आधी हातात घ्या.