वळणदार अक्षरं हलवण्याआधी

मालिकेचं सुलेखनातलं शीर्षक पडद्यावर ‘लिहिलं जाताना’ दाखवायचं, असं काम आम्हा मोशन ग्राफिक्सवाल्यांकडे नेहमी येतं. असंच एक अर्धवट काम दुसऱ्या स्टुडिओकडून माझ्याकडे आलं. आफ्टर इफेक्ट्सची फाइल नीटनेटकी होती, प्रत्येक अक्षराला ट्रिम पाथ्स लावलेलं होतं. पण प्ले केल्यावर अक्षराच्या कडेकडेने नुसती बारीक रेघ धावायची. सुलेखनकाराकडून आलेलं अक्षर हा बंदिस्त आकार असतो आणि ट्रिम पाथ्स त्याची बाह्यरेषा पकडतं. बोरू कुठून कुठे गेला, हे त्या फाइलला ठाऊकच नव्हतं. सगळं नव्याने बांधावं लागलं. प्रक्षेपणाची तारीख मात्र हलली नाही.

म्हणून तंत्र निवडण्याआधी नेमकं काय हलणार आहे, ते ठरवा.

नकाशावरच्या रस्त्यासारखी एकाच जाडीची रेघ असेल, तर ट्रिम पाथ्स उत्तम. एन्डला ० ते १०० टक्के कीफ्रेम दिले की काम झालं.

जाड-बारीक होणाऱ्या अक्षराला मॅट लागते. पेन टूलने अक्षराच्या मधोमध, लिहिण्याच्या क्रमाने पाथ काढा. त्याला अक्षर झाकेल इतका जाड स्ट्रोक द्या, ट्रिम पाथ्स या पाथला लावा आणि तो लेअर अक्षराची अल्फा मॅट करा. ‘ळ’सारख्या अक्षरात रेघ स्वतःला छेदते, तिथे जाड स्ट्रोक शेजारचा भागही वेळेआधी उघडा पाडतो. अशा ठिकाणी अक्षराचे तुकडे करून प्रत्येकाला स्वतंत्र मॅट द्या. शिरोरेषा वेगळी ठेवा आणि शेवटी ओढा.

एका आकारातून दुसरा घडवायचा असेल, तर दोन्हींत बिंदूंची संख्या सारखी ठेवा आणि पहिला बिंदू जुळवा. नाहीतर आकार मधेच पिळवटतो. वस्तू वळणावरून न्यायची असेल, तर पाथ कॉपी करून पोझिशनमध्ये पेस्ट करा आणि ऑटो-ओरिएंट लावा. कोरड्या कुंचल्याचे फराटे हवे असतील, तर फ्रेममागून फ्रेम काढण्याला पर्याय नाही. २५ फ्रेमच्या हिशेबाने ४ सेकंदांना १०० चित्रं लागतात, एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी ५०. बजेट ठरवतानाच हे सांगा.

फाइल शेवटी कुठे जाणार, हेही आधीच विचारा. टीव्हीसाठी व्हिडिओ रेंडर होतो, तिथे काहीही चालतं. ॲपसाठी लॉटी हवं असेल, तर आफ्टर इफेक्ट्सचे बहुतेक इफेक्ट्स तिथे पोचत नाहीत. मास्कवर स्ट्रोक इफेक्ट लावून केलेलं काम अशा वेळी वाया जातं. शेप लेअर, ट्रिम पाथ्स आणि मॅट तग धरतात.

सगळ्यात अवघड अक्षर आधी घ्या आणि ते एक्स्पोर्टपर्यंत नेऊन पाहा. ते जमलं की मगच क्लायंटला तारीख द्या.