दाढीवाला सरडा आणि घरातील सूर्य

ऑस्ट्रेलिया खंडाच्या अंतर्भागात, क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स व साउथ ऑस्ट्रेलिया या राज्यांच्या कोरड्या, झुडपी प्रदेशात एक सरडा आढळतो. त्याचे शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स. त्याच्या घशाखाली काटेरी खवल्यांची झालर असते. भय किंवा क्रोध उत्पन्न झाला की तो ती फुगवितो व ती काळी पडते; यावरूनच त्यास दाढीवाला सरडा म्हणतात. शेपटीसह त्याची लांबी सुमारे ४५ ते ६० सेंटिमीटर भरते. शांत स्वभावाचा, दिवसा वावरणारा आणि माणसाच्या हाताला लवकर सरावणारा असल्यामुळे युरोप-अमेरिकेत तो घरोघरी पोहोचला. अलीकडे मुंबई-पुण्याकडील हौशी मंडळीही तो पाळू लागली आहेत. तेव्हा पाळणाऱ्याने नेमकी कोणती जबाबदारी पत्करलेली असते, हे पाहणे अगत्याचे ठरते.

सस्तन प्राण्यांप्रमाणे या सरड्याचे शरीर स्वतःची उष्णता निर्माण करीत नाही. सकाळी उन्हात बसून तो अंग तापवितो आणि पुरेसे तापले की सावलीत सरकतो. अन्न पचणे, रोगांचा प्रतिकार करणे, चपळाईने हालचाल करणे ही सारी कार्ये त्या उष्णतेवर अवलंबून असतात. म्हणून त्याच्या पेटीत एका टोकाला दिव्याखालील बैठकीचे तापमान ३८ ते ४२ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला सुमारे २५ अंश असावे लागते. ऊन आणि सावली यांतील निवड सरड्याला करता आली पाहिजे. पूर्ण वाढलेल्या सरड्याला निदान १२० सेंटिमीटर लांब व ६० सेंटिमीटर रुंद पेटी हवी. लहान पेटी सर्वत्र सारखीच तापते आणि निवडीला वावच उरत नाही.

उष्णतेइतकेच महत्त्व अतिनील किरणांना आहे. त्यांच्या योगाने त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते व अन्नातील कॅल्शियम हाडांत उतरते. हे किरण न मिळाल्यास हाडे मऊ पडतात, जबडा वाकतो, पाय थरथरतात आणि प्राणी हळूहळू पंगू होतो. पाळलेल्या सरड्यांत हा विकार फार आढळतो. आपल्याकडे उन्हाला तोटा नाही, मग दिवा कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु खिडकीच्या काचेतून हे किरण जवळजवळ आत येतच नाहीत. उलट काचेची पेटी उन्हात ठेवल्यास ती भट्टीसारखी तापून प्राणी दगावू शकतो. याकरिता अतिनील किरणांचा खास दिवा लावावा लागतो. प्रकारानुसार तो ६ ते १२ महिन्यांनी बदलावा, कारण दिवा उजळ दिसत असला तरी किरणांचा जोर तोवर ओसरलेला असतो. रात्री मात्र पूर्ण अंधार हवा. या सरड्याच्या झोपेतही आपल्यासारख्याच आलटून पालटून येणाऱ्या दोन अवस्था असतात, असे जर्मनीतील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले.

कोकणात व मुंबईत पावसाळा हा या वाळवंटी प्राण्याचा कसोटीचा काळ होय. दमट हवेने श्वसनविकार जडतात. म्हणून पेटीत हवा खेळती ठेवावी आणि भिजलेली माती ताबडतोब काढावी.

आहार वयाप्रमाणे बदलतो. पिलांना मुख्यतः रातकिड्यांसारखे कीटक लागतात, तर प्रौढांना बहुतांशी पालेभाजी. किडा सरड्याच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठा नसावा व त्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरावी. किसलेला लाल भोपळा किंवा जास्वंदीचे फूल चालते. पालक रोज देऊ नये, कारण त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. शेतातून पकडलेल्या किड्यांवर कीटकनाशक असण्याचा संभव असतो. काजवा तर चुकूनही देऊ नये. अमेरिकेत काजवे खाऊन असे सरडे मरण पावल्याची नोंद आहे. आपल्याकडे मृगाच्या सुमारास काजवे घरातही शिरतात, हे ध्यानात असावे.

घरात ५ वर्षांखालील मूल असल्यास अधिक दक्षता घ्यावी. सरडा निरोगी दिसत असूनही त्याच्या विष्ठेतून साल्मोनेला जंतू पसरू शकतात. अमेरिकेत २०१२ ते २०१४ या काळात पाळीव दाढीवाल्या सरड्यांमुळे या रोगाची साथ उद्भवली व तीत निम्म्याहून अधिक रुग्ण लहान मुले होती. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. पेटीतील भांडी स्वयंपाकघरात आणू नयेत.

हा सरडा साधारणतः १० वर्षे जगतो. कंटाळा आला म्हणून त्यास रानात सोडणे क्रूरपणाचे आणि स्थानिक जीवसृष्टीला घातक आहे. ऑस्ट्रेलियातून जिवंत सरड्यांच्या व्यापारी निर्यातीस कायद्याने बंदी असल्याने परदेशी बाजारात विकले जाणारे सरडे पैदाशीचे असावयास हवेत. विक्रेत्याकडून उगमाची कागदपत्रे घ्यावीत आणि नोंदणीविषयी वन विभागाकडे आधीच चौकशी करावी. हा महागडा प्राणी परवडत नाही म्हणून रानातील घोरपड आणून पाळण्याचा विचार मात्र कोणी करू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ती समाविष्ट असून तिच्याबाबतच्या गुन्ह्यास ३ ते ७ वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. गावात जखमी घोरपड आढळल्यास पंचायत सदस्यांनी वनरक्षकास कळवावे व तो येईतो मुलांना दूर ठेवावे.