बँक खात्याचा अर्ज तपासणीसाठी वर जातो तेव्हा

आपल्या व्यापारी आणि कारागीर बंधूंकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. बँकेत खाते उघडण्यासाठी अर्ज दिला, फोटो दिले, आधार आणि पॅनच्या प्रती दिल्या, आणि आठ दिवसांनी उत्तर मिळाले, ‘तुमचा अर्ज अधिक तपासणीसाठी वर पाठविला आहे.’ हे ऐकून कोणी संतापतो, कोणी घाबरतो, तर कोणी ‘आपले नाव पाहूनच अडविले’ असे म्हणून खात्याचा नादच सोडतो. तिन्ही प्रकारांत नुकसान आपलेच होते.

आमच्या घरातच हा अनुभव आला. धाकट्या मुलाने ग्रे कापडाचा स्वतंत्र कारोबार सुरू केला. माल गेला, पार्टीने फर्मच्या नावाचा चेक दिला. पण फर्मचे करंट खाते उघडलेले नव्हते, अर्ज वरच्या कचेरीत अडकला होता. सतरा दिवस चेक कपाटात पडून राहिला आणि जुमेरातची मजुरी आम्हाला उसनवारी करून द्यावी लागली. आम्ही रागाने बँकेत गेलो. तेथील कारकुनाने तिन्ही कागद आमच्यासमोर ठेवले आणि म्हणाला, “चाचा, तुमचा मुलगा एकच आहे, पण कागदांवर तीन माणसे आहेत.” शाळेच्या दाखल्यावर मोमीन, आधारवर अन्सारी आणि पॅनवर आडनावच नाही. राग आमचा होता, चूकही आमचीच होती.

बँक तपासणी का करते?

मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा २००२ साली झाला आणि १ जुलै २००५ पासून अमलात आला. त्यानुसार प्रत्येक बँकेला खातेदार कोण, राहतो कुठे, धंदा काय करतो आणि पैसा कोठून येतो हे जाणून घ्यावेच लागते. यालाच केवायसी म्हणतात. बँक प्रत्येक खातेदाराला कमी, मध्यम किंवा जास्त जोखमीच्या गटात टाकते. जेथे कागद जुळत नाहीत किंवा धंदा समजत नाही, तेथे शाखेतील माणूस स्वतः निर्णय न घेता अर्ज वर पाठवितो. म्हणजे अर्ज वर जाणे हा आरोप नव्हे. तो एक प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बहुधा आपल्याच कपाटात असते.

अर्ज अडकण्याची मुख्य कारणे

१) नावातील फरक. आपल्याकडे हे कारण सर्वांत जास्त आढळते. उर्दू शाळेत नाव उर्दूत लिहिले जाते. पुढे प्रत्येक कचेरीतील कारकून ते आपल्या कानाने मराठीत आणि इंग्रजीत उतरवितो. मग एकच माणूस कुठे मोहम्मद, कुठे मोहंमद आणि कुठे नुसता ‘मो.’ होतो. अब्दुर्रहमानचा अब्दुल रहमान होतो. शेख कधी नावाच्या आधी येतो, कधी शेवटी. लग्नानंतर स्त्रियांच्या कागदांवर एकीकडे वडिलांचे व दुसरीकडे पतीचे नाव राहते.

२) यादीतील नावाशी साम्य. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेने बंदी घातलेल्या व्यक्तींच्या याद्या आहेत. त्यांच्याशी प्रत्येक नाव पडताळून पाहणे बँकेला बंधनकारक आहे. आपली नावे थोडी आणि माणसे पुष्कळ, त्यामुळे संगणक साम्य दाखवितो. त्यानंतर जन्मतारीख, वडिलांचे नाव, पत्ता, पासपोर्ट यांवरून माणूस वेगळा असल्याचे ठरवावे लागते. तुमच्या कागदांवर पूर्ण जन्मतारीख आणि वडिलांचे पूर्ण नाव एकसारखे असेल तर हा गैरसमज लवकर दूर होतो; नसेल तर लांबतो.

३) धंद्याचा पुरावा अपुरा. एकट्याच्या मालकीच्या फर्मसाठी फर्मच्या नावाचे दोन पुरावे मागितले जातात: शॉप ॲक्टचा दाखला, जीएसटी प्रमाणपत्र, उद्यम नोंदणी, आयकर विवरणपत्र, वीज बिल वगैरे. दोन देणे शक्यच नसेल तर बँक एकावरही खाते उघडू शकते. पण मग बँकेचा माणूस जागेवर येऊन खात्री करतो. त्या वेळी कारखान्यावर फर्मच्या नावाची पाटी नसेल आणि शेजारी म्हणाला, ‘अशी फर्म इथे नाही,’ तर अर्ज अडकणारच.

४) खरा मालक दुसराच. खाते भावाच्या किंवा पत्नीच्या नावावर आणि कारोबार आपला, ही आपल्याकडची जुनी सवय आहे. बँक मात्र खऱ्या मालकाची विचारणा करते. भागीदारीत १० टक्क्यांहून अधिक हिस्सा असलेल्या प्रत्येकाची ओळख द्यावी लागते.

५) आकड्यांचा मेळ नसणे. अर्जात उलाढाल दोन लाख लिहायची आणि पहिल्याच महिन्यात वीस लाख रोख भरायचे, हे संशयाला आमंत्रण आहे. १० लाखांवरील रोख व्यवहाराची माहिती बँकेला सरकारकडे द्यावीच लागते. रक्कम तुकड्यांत भरली तरी महिन्याची बेरीज धरली जाते. जी उलाढाल होणार तीच लिहावी.

६) दुसऱ्या बँकेतील कर्ज. ज्याचे कॅश क्रेडिट दुसरीकडे आहे, त्याच्या करंट खात्यासाठी २०२० साली रिझर्व्ह बँकेने नियम कडक केले. कर्ज लपविल्यास ते क्रेडिट अहवालात दिसतेच.

भाड्याने खाते देऊ नका

काही तरुण थोड्या कमिशनसाठी आपले खाते दुसऱ्याला वापरू देतात. २०२४ साली मालेगावातील काही साध्या तरुणांच्या कागदांवर खाती उघडून त्यांतून शंभर कोटींहून अधिक रुपये फिरविल्याचा आरोप झाला आणि सक्तवसुली संचालनालयाने चौकशी सुरू केली. अशा प्रकारांनंतर नव्या खातेदाराची तपासणी वाढली, तर तिचा भुर्दंड प्रामाणिक कारागिरालाही बसतो. खाते ही आपल्या नावाची अमानत आहे. ती कोणाच्या हाती देऊ नये.

आपण काय करावे?

अर्ज देण्यापूर्वी सर्व कागद एका ओळीत मांडून अक्षर न अक्षर ताडून पाहा. फरक असल्यास आधी आधार व पॅन दुरुस्त करून घ्या. आडनावच बदलले असेल तर राजपत्रातील नोंद घ्या. पत्ता बदलला असल्यास चालू पत्त्याचा पुरावा ठेवा. वीज बिल दोन महिन्यांपेक्षा जुने चालत नाही. उद्यम नोंदणी मोफत होते, तिच्यासाठी दलालाला पैसे देऊ नका. ज्याच्याजवळ ओळखीचा मान्य कागदच नाही, अशा मजुरालाही स्वतः सही केलेल्या फोटोवर ‘छोटे खाते’ उघडता येते. त्यात वर्षात एक लाखापर्यंत जमा, महिन्यात दहा हजारांपर्यंत काढणे आणि पन्नास हजारांपर्यंत शिल्लक अशी मर्यादा असते.

अर्ज दिल्यावर पोच घ्या. वर पाठविला म्हटले तर नम्रतेने पण लेखी विचारा की कोणता कागद कमी आहे. नाव पाहून वागणूक बदलणारा माणूस कुठेच भेटत नाही, असे आम्ही म्हणत नाही. परंतु कागद स्वच्छ असतील तर त्याच्याजवळ बहाणा उरत नाही आणि आपली तक्रार वजनदार होते. विचार न करता अर्ज फेटाळू नये, आणि फेटाळला तर कारण नोंदवावे, असे रिझर्व्ह बँकेने २०२५ साली बजावले आहे. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तेथे फी नाही आणि वकिलाची गरज नाही.

आमच्या मुलाचे कागद दुरुस्त झाल्यावर खाते उघडले आणि चेकही वटला. त्या दिवसापासून घरातील प्रत्येकाच्या, नातवंडांच्यासुद्धा, नावाचे एकच रूप आम्ही वहीत लिहून ठेवले आहे. शाळेत नाव घालताना तीच वही सोबत जाते. आपणही आजच अशी एक वही करावी.