मालासह फुटलेलीं दोन जहाजें

शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय २७

चंद्रपूर व गडचिरोलीच्या रानांतील आमच्या बंधुभगिनींपैकीं पुष्कळांनीं समुद्र पाहिलेला नाहीं. परंतु पावसाळ्यांतील वैनगंगा व तिच्यावरील डोंगा सर्वांस ठाऊक आहे. डोंग्यांत काय घ्यावें व काय कांठावर ठेवावें हें नावाडी ठरवितो, तें ध्यानांत ठेवून हा पाठ वाचावा.

पौलाचें जहाज आलेक्सांद्रियाचें, गहूं वाहणारें होतें. हिंवाळा जवळ आला असतां पुढें जाऊं नये असें त्यानें सांगितलें. परंतु शताधिपतीनें तांडेलाचें व जहाजाच्या धन्याचें ऐकिलें. वादळांत प्रथम माल, मग जहाजाचें सामान, आणि अखेरीस गहूंहि समुद्रांत टाकावा लागला. मेलिता बेटाजवळ जहाज रुतून फुटलें. तरी २७६ जणांपैकीं एकहि बुडाला नाहीं.

दुसरें जहाज मुंबईचें. ‘फोर्ट स्टिकीन’ हें ब्रिटिश मालवाहू जहाज महायुद्धाच्या काळीं, १२ एप्रिल १९४४ रोजीं, कराचीहून येऊन व्हिक्टोरिया गोदींत लागलें. त्यावर सुमारें १,४०० टन स्फोटकें व दारूगोळा होता, सोन्याच्या विटाहि होत्या. आणि कराचीस कापसाच्या हजारों गांठी चढविल्या होत्या. गांठींतील कापूस आंतल्या आंत कसा धुमसतो, हें वरोऱ्याकडे जिनांत काम केलेल्यांस सांगावयास नको. अशा कापसाच्या वर, त्याच कोठारांत, स्फोटकें ठेविलीं होतीं!

१४ एप्रिलास दुपारीं धूर दिसला. येथें खडक नव्हता, वारा नव्हता. जहाज धक्क्यास बांधलेलें होतें. तें तेथेंच बुडवावें कीं बाहेर ओढून न्यावें, याविषयीं अधिकाऱ्यांचें एकमत होईना, आणि वेळ निघून गेली. बंबवाले मात्र पाणी मारीत उभे राहिले. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, सुमारें अर्ध्या तासानें दुसरा. शेकडों माणसें मेलीं. मेलेल्या अग्निशामकांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळितात.

कित्येक उपदेशक ह्या अध्यायांतून देव तारितो एवढेंच काढितात. आम्हांस तें अपुरें वाटतें. अभिवचन मिळाल्यावरहि पौल स्वस्थ बसला नाहीं. खलाशी होडींतून पळूं लागले तेव्हां त्यानें शताधिपतीस सावध केलें, आणि शिपायांनीं तत्काळ दोर कापले. बोलणारा तर बेडींतला बंदिवान होता.

पुढील रविवारीं वचनें ९ ते ११ व ३० ते ३२ दोनदां वाचावीं, आणि मंडळीस विचारावें : शताधिपतीनें पहिल्यानें ज्याचें ऐकिलें नाहीं, त्याचें दुसऱ्यानें कां ऐकिलें? उत्तर देण्याची घाई उपदेशकानें करूं नये. वृद्ध नावाड्यांस आधीं बोलूं द्यावें.