निवृत्तीची पुंजी आणि एकट्याचा कारभार

निवृत्त जोडप्याच्या पुंजीला सगळ्यात मोठा धोका असतो तो कारभार एकट्याच्याच हाती असण्याचा. शेअर बाजाराचा धोका त्यानंतरचा. पावत्या, पासबुकं, पासवर्ड बहुधा नवऱ्याकडे असतात. तो अचानक गेला, की खातं उघडायला लागणारा ओटीपी त्याच्या कुलूपबंद मोबाइलवर येत राहतो आणि कुठल्या बँकेत किती ठेवी आहेत हेसुद्धा बायकोला कपाटातल्या पिशव्या उपसून शोधावं लागतं.

मुदत ठेव दोघांच्या नावे आहे, एवढ्यावर निर्धास्त राहू नये. ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ अशी नोंद असली, तरी एक जण गेल्यावर मुदतीआधी ठेव मोडायची, तर त्यासाठी दोघांची लेखी संमती बँकेकडे आधीच दिलेली असावी लागते. नाहीतर वारसांच्या सह्या गोळा कराव्या लागतात, तेही दवाखान्याचं बिल समोर असताना. ठेव ठेवतानाच ही संमती द्यावी आणि पोच घ्यावी. नॉमिनी पैसे स्वीकारतो, पण मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते. म्हणून दोघांनीही मृत्युपत्र करावं.

जोडीदार गेल्यावर पेन्शन घटतं. कर्मचारी पेन्शन योजनेत विधवेला साधारण निम्मं मिळतं. घरभाडं, वीज, सोसायटीचा मेंटेनन्स मात्र निम्मे होत नाहीत. त्यात महागाई दरवर्षी ६ टक्के धरली, तर आजच्या शंभर रुपयांची किंमत बारा वर्षांत पन्नासवर येते. व्याज सगळंच खर्चून टाकणाऱ्या घराला ही झीज उशिरा कळते.

जादा व्याजासाठी सगळी रक्कम एकाच सहकारी बँकेत ठेवणं धोक्याचं. २०१९च्या सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने पीएमसी बँकेवर निर्बंध आणले, तेव्हा सुरुवातीला ठेवीदारांना सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढता येत होते. औषधपाण्यासाठी ठेवलेला पैसा डोळ्यांसमोर अडकला. ठेव विम्याचं संरक्षण २०२०पासून एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत आहे. रक्कम त्या बेताने वेगवेगळ्या बँकांत विभागावी.

ठेवीचं नूतनीकरण करायला गेल्यावर ‘यात जास्त मिळेल’ म्हणून विमा पॉलिसी गळ्यात मारली जाते. सत्तरीतल्या माणसाला दहा वर्षं हप्ते भरायला लावणारी पॉलिसी ठेवीची जागा घेऊ शकत नाही. कागद घरी आणून दोघांनी वाचावेत. सही होऊन गेलीच असेल, तर पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते.