पलटणच्या मोसमातून शिकलो ते

पुण्यातल्या एका मंडळात मी संध्याकाळी पोरांना कबड्डी शिकवतो. २ डिसेंबर २०२३ ते १ मार्च २०२४ या काळात झालेला प्रो कबड्डीचा दहावा मोसम मी नेटाने पाहिला. पुण्यातले सामने बालेवाडीत जाऊन पाहिले, बाकीचे टीव्हीवर. त्या मोसमात पुणेरी पलटण पहिल्यांदा विजेती ठरली. त्यानंतर माझी शिकवण्याची पद्धत बरीच बदलली, म्हणून हे अनुभव लिहून ठेवतो आहे.

१. एकाच चढाईपटूवर संघ टांगू नये.

मंडळाच्या संघात बहुधा एक हुकमी चढाईपटू असतो. तो बाद झाला की बाकीचे त्याच्या परत येण्याची वाट पाहत बसतात. पलटणमध्ये असं होत नव्हतं. कर्णधार अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे, यांतला कोणीही मध्यरेषा ओलांडून जायचा. त्या मोसमात सर्वाधिक चढाई-गुण मिळवणाऱ्यांत दिल्लीचा आशू मलिक आणि जयपूरचा अर्जुन देशवाल आघाडीवर होते. करंडक मात्र पुण्यात आला. अंतिम सामन्यात मध्यंतराच्या तोंडावर पंकजने एकाच चढाईत चार गुण आणले आणि हरियाणा स्टीलर्सवरचा दाब वाढला. त्या दिवशी अस्लमनेच सगळं करावं, अशी गरज संघाला पडली नाही.

२. हरतानाही गुण सोडायचा नाही.

हे मी पोरांना पुन:पुन्हा सांगतो. त्या मोसमात लीगमध्ये विजयाला पाच गुण, बरोबरीला तीन आणि सात किंवा त्याहून कमी फरकाने हरलात तर एक गुण मिळायचा. पलटणने साखळीतले २२ सामने खेळले. १७ जिंकले, तीन बरोबरीत सुटले, दोन हरले. विजयाचे ८५ आणि बरोबरीचे नऊ मिळून ९४ होतात, तक्त्यात मात्र ९६ आहेत. वरचे दोन गुण त्या दोन पराभवांतून आले. म्हणजे दोन्ही वेळा सामना हातातून गेल्यावरही पोरं शेवटच्या चढाईपर्यंत झुंजत होती. जयपूर पिंक पँथर्स ९२ गुणांवर दुसरे राहिले आणि पलटण अव्वल स्थानावरून थेट उपांत्य फेरीत गेली. तिथे पाटणा पायरेट्सला ३७-२१ असं हरवलं. मंडळांच्या स्पर्धेत एकदा सगळा संघ बाद होऊन लोण बसला की खांदे पाडणारी मुलं मी कितीतरी पाहिली आहेत. त्यांना मी हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवतो.

३. कालचा प्रतिस्पर्धी आपला कोपरा सांभाळू शकतो.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगचौच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारत आणि इराण यांचा अंतिम सामना झाला. नियमाच्या वादावरून खेळ बराच वेळ थांबला. शेवटी भारताने ३३-२९ अशी बाजी मारली. भारताच्या संघात अस्लम आणि आकाश होते, इराणकडे मोहम्मदरझा शादलू होता. त्यानंतर आठवडाही उलटला नव्हता, तोच लिलावात पलटणने शादलूवर २ कोटी ३५ लाखांची बोली लावली आणि हे तिघे एका संघात आले. डाव्या कोपऱ्यावरून त्याने मोसम गाजवला आणि सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार मिळवला. स्पर्धेतला सर्वांत मौल्यवान खेळाडू अस्लम ठरला. शेजारच्या आळीतल्या संघाशी वर्षानुवर्षं न बोलणाऱ्या आपल्या मंडळांनी हे मनावर घ्यावं, असं मला फार वाटतं.

४. नव्या पोरांना वेळ द्यावा लागतो.

श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा अस्लम आणि हरियाणाचा मोहित आठव्या मोसमात नवखे म्हणून पलटणमध्ये आले. नवव्या मोसमात संघ अंतिम फेरीत गेला, पण दुखापतीमुळे त्या सामन्यात दोघेही नव्हते. १७ डिसेंबर २०२२ ला मुंबईत जयपूरने पलटणला २९-३३ असं हरवलं. त्या वेळी कर्णधार फजल अत्राचली होता. तो पुढे गुजरातकडे गेला, तरी प्रशिक्षक बी. सी. रमेश आणि ही तरुण मंडळी टिकली. पराभवानंतर सगळा संघ मोडायचा मोह किती होतो, हे मंडळ चालवणाऱ्याला विचारा. पुढच्याच मोसमाच्या अंतिम सामन्यात हैदराबादला गच्चीबावलीच्या मैदानात पलटणच्या बाजूने २८-२५ असा निकाल लागला. फरक अवघा तीन गुणांचा होता. त्यात गौरव खत्रीच्या पकडींचा वाटा मोठा होता, आणि त्याचं नाव पुण्यातही फार थोड्यांना ठाऊक आहे, याचं मला वाईट वाटतं.

५. एका विजेतेपदावर पुढचा मोसम निघत नाही.

अकराव्या मोसमात अस्लम जखमी झाला आणि पलटणला बाद फेरीही गाठता आली नाही. शादलू तोवर हरियाणाकडे गेला होता. २९ डिसेंबर २०२४ ला बालेवाडीतच हरियाणाने पाटण्याला हरवून करंडक उचलला. आपल्या गावच्या मैदानात, आपल्या जुन्या गड्याच्या हाती तो करंडक पाहताना मला खूप चुटपुट लागली. तरी त्याचं कौतुकही वाटलं, कारण ज्या पकडींसाठी आपण वर्षभरापूर्वी ओरडत होतो, त्याच त्याने तिथे केल्या.

पुढच्या वेळी सामना पाहाल तेव्हा एक करा. चढाईपटूकडे पाहू नका, दोन्ही कोपऱ्यांवरच्या बचावपटूंच्या पायांकडे पाहा. तो आत येण्याआधीच ते कुठे सरकतात हे कळलं, की घरातल्या लहान पोराला जवळच्या मैदानावर घेऊन जा. संध्याकाळी तिथे कोणीतरी शिकवत असतंच.