झेब्र्याच्या गळ्यांतील यंत्र व विजेची काटकसर

घरांत वीज हवी तेव्हां मिळत असतां ती जपून वापरण्याचें महत्त्व सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. परंतु जेथें विजेची तार नाहीं आणि यंत्र स्वतःच रानोमाळ धांवत असतें, तेथें बॅटरींतील शक्तीचा कसा हिशेब ठेवावा लागतो, याचें एक उदाहरण आम्ही विद्यार्थ्यांपुढें ठेवीत आहों.

अमेरिकेंतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनीं 'झेब्रानेट' नांवाची योजना आंखली व जानेवारी २००४ मध्यें केनिया देशांतील रानांत तिचा प्रयोग केला. झेब्रे दिवसरात्र कोठें फिरतात हें जाणण्यासाठीं कांहीं झेब्र्यांच्या गळ्यांत पट्टे बांधले. प्रत्येक पट्ट्यांत उपग्रहांवरून आपलें ठिकाण ओळखणारें जीपीएस यंत्र, लहानसा संगणक, बिनतारी संदेशयंत्र आणि सूर्यप्रकाशानें भरली जाणारी बॅटरी होती. बॅटरी संपली तर पट्टा मुका होणार. आणि तो बदलावयाचा म्हणजे त्या रानटी जनावरास पुन्हा गुंगीचें औषध द्यावें लागणार. मुक्या प्राण्यास असा त्रास वारंवार देणें योग्य नव्हे. यास्तव काटकसरीवांचून गत्यंतर नव्हतें.

आतां वीज खर्च होते कोठें तें पाहूं. हिशेब करण्यास व टिपण ठेवण्यास ती थोडीच लागते. ठिकाण शोधण्यास व दूरवर बोलण्यास पुष्कळ लागते. फार काय, कोणी बोलेल म्हणून नुसता कान लावून बसलेलें संदेशयंत्रही ती सतत खात असतें.

यावर पहिला उपाय म्हणजे झोंप. ठिकाण दर ८ मिनिटांनीं टिपावें, परस्परांशीं दर २ तासांनीं बोलावें, आणि एरव्हीं त्या त्या यंत्रास निजवावें, असा नेम ठरला. परंतु एक जागा व दुसरा निजलेला असेल, तर संवाद कसा व्हावा? उपग्रहांपासून ठिकाणाबरोबर अचूक वेळही मिळते. तिच्यावर सर्व पट्ट्यांचीं घड्याळें जुळवून ही अडचण दूर केली.

दुसरा उपाय शेजारधर्माचा. अंतर दुप्पट झालें तर संदेशास मोकळ्या जागींही चौपट शक्ति लागते. म्हणून प्रत्येक पट्टा आपलें टिपण जवळ आलेल्या पट्ट्यास देई. त्यामुळें मोटारींतून फिरणाऱ्या संशोधकांस थोडे झेब्रे भेटले, तरी अनेकांची वार्ता मिळे. मात्र सर्वांनीं सर्वांस सांगत बसणें हाही खर्चच! म्हणून, ज्या झेब्र्याची संशोधकांशीं अलीकडे अधिक वेळां गांठ पडली असेल, त्याच्याच हवालीं टिपण करावें, अशीही एक पद्धत त्यांनीं तपासून पाहिली.

शुभवर्तमानांतील दहाही कुमारी झोंपल्या होत्या. परंतु वर आला त्या समयीं पांचजणींजवळच तेल शिल्लक होतें. झोंप हा दोष नव्हे. विश्रांतीच्या वेळीं विश्रांति, कामाच्या वेळीं जागृति आणि बोलणें कामापुरतें, हा त्या पट्ट्यांचा नेम आमच्या विद्यार्थ्यांसही उपयोगी पडेल.